ताई, खरं ॲव्हरेज सांगा!

गेवराईच्या बायपासला आमचं छोट्या पिकपचं शोरूम आहे. मी तिथं सेल्सला. घरी गेले की नवरा विचारतो, "आज किती गाड्या गेल्या?" बऱ्याचदा एकही गेलेली नसते, पण सांगायला मात्र डोकं भरून असतं! शेतकरी माणूस गाडी बघायला एकटा येतच नाही. घर, शेत, भावकी, शेळ्या, सगळं सोबत घेऊन येतो. नवरा म्हणतो, "तुला पगार गाड्या विकायचा देतात का गप्पा मारायचा?"

आता ऐकणार असाल तर सांगते.

*

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती देती?" म्हणजे ॲव्हरेज.

टोमॅटो लावणारे अंकुशराव आले. मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं.

"ते कंपनीचं झालं ताई. तुमच्या घरी हाय का ही गाडी?"

"नाही हो, माझी स्कूटी आहे."

"मग तुमाला काय म्हाईत!"

उठले आणि तडक रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेले. तिथं आमच्याच मॉडेलचा एक पिकपवाला चहा पीत होता. त्याच्याशी बराच वेळ बोलून हसत हसत परत आले.

"काय म्हणाला?"

"बायको शेजारी बसली की जास्ती देती म्हणला. ती पळवू देत न्हाई!"

दुसऱ्या दिवशी अंकुशराव बुकिंगला हजर, सोबत बायको. दारातूनच ओरडले, "ताई, ॲव्हरेज घेऊन आलोय!"

*

बीडचे एक गुरुजी होते. नोकरी शाळेत, जीव मोसंबीच्या बागेत. त्यांचा ना माझ्यावर विश्वास, ना टपरीवाल्यांवर. "माझ्या डोळ्यांदेखत टाकीची नळी काढा, बाटलीत एक लिटर डिझेल भरा आणि गाडी बंद पडेस्तोवर चालवा," म्हणाले.

आमचे मेकॅनिक सलीमभाई गाडी घेऊन बीडला गेले. तिथून दोघं कपिलधारच्या रस्त्याला लागले. दुपारी मला सलीमभाईंचा फोन.

"मॅडम, गाडी पास! तुम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त गेली."

"मग एवढा दम का लागलाय तुम्हाला?"

"ढकलतोय ना! टाकी कोरडी, अन् परतीचं डिझेल घ्यायचं दोघांच्याबी ध्यानात राह्यलं न्हाई."

मागून धापा टाकणाऱ्या गुरुजींचा आवाज आला, "लई भारी गाडी हाय, सलीमभाई! ढकला, ढकला!"

*

शिरूर कासारकडच्या मुक्ताबाई शेळ्या पाळतात. त्यांना बाजाराला न्यायला गाडी हवी होती. आमच्याकडं दोन मॉडेल शेजारी उभी होती. एक उंच, मोठ्या हौद्याची. दुसरी बसकी, हलकी, कमी डिझेल पिणारी. मुक्ताबाईंनी दोन्हींच्या भोवती चक्कर मारली, काही विचारलं नाही, "उद्या येते," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून उतरल्या त्या शेळीला घेऊनच! शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर शेळीचे पाय घसरायला लागले. मॅनेजर साहेब केबिनमधून पळत बाहेर.

"बाई, हे काय लावलंय?"

"साहेब, गाडीत बसणार ती हाय. मी न्हाई!"

उंच गाडीपुढं शेळीनं चारी पाय रोवले. ढकलली तरी चढेना. मग बसक्या गाडीचं मागचं फळकं उघडलं. तर तिनं वास घेतला, टुणकन उडी मारली, हौद्यात एक गोल चक्कर मारून लेंड्यासुद्धा टाकल्या!

"हीच बुक करा," मुक्ताबाई म्हणाल्या. "आता सांगा, किती देती?"

*

बाबूकाका एसटीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर पेरूची बाग लावली, म्हणून पिकप बघायला आले. टेस्ट ड्राइव्हला मी शेजारी बसले. गाडी अशी अलगद चालवली की पोटातलं पाणी हलू दिलं नाही. पण फाटा आला की गाडी थांबायची.

"काका, काय झालं?"

"काय न्हाई. सवय."

एका फाट्यावर गाडी थांबली आणि गाठोडं घेतलेली एक म्हातारी दार उघडून सरळ आत शिरायला लागली.

"आजी, ही एसटी नाही!" मी म्हटलं.

"असंना का," आजी मला सरकवत म्हणाली. "डायवर तर आपलाच हाय!"

काकांनी गिअर टाकला. आजीला पार तिच्या वस्तीपर्यंत सोडून आले.

*

दोघं भाऊ आले होते. वाटण्या झाल्यापासून एकमेकांशी बोलणं बंद. पण जमीन दोघांचीही थोडी, एकेकट्याला गाडी परवडेना. शेजारी शेजारी खुर्चीत बसलेले आणि मधे मी टेलिफोन!

"ताई, याला सांगा, सीएनजी स्वस्तात चालतो," थोरला म्हणायचा.

"ताई, त्याला सांगा, पंप कुठं हाय म्हणावं जवळ? डिझेलच पायजे," धाकटा म्हणायचा.

शेवटी सलीमभाईंनी दोघांना गाडीच्या केबिनमध्ये दाटीवाटीनं बसवून चक्कर मारली. वाटेत कुत्रं आडवं आलं. सलीमभाईंनी ब्रेक मारला, तसा थोरल्याचा हात आपसूक धाकट्याच्या छातीपुढं गेला.

"लागलं का रे?"

"न्हाई दादा."

परत आल्यावर थोरला म्हणाला, "डिझेलच घेऊ. तू म्हणतोस तर."

"न्हाई, तू म्हणतोस तर सीएनजीच घेऊ."

"आरं डिझेल घे म्हणतो ना!"

"तू कावून माझं ऐकतोस पण? सीएनजीच!"

दोघांचे आवाज चढले. सलीमभाई माझ्या कानाशी आले. "मॅडम, बोलत नव्हते तेच बरं होतं!"

*

आणि महादेव आणि कांताबाई. हे जोडपं दर हंगामाला ट्रकच्या हौद्यात बसून ऊसतोडीला जायचं. यंदा बोअरला पाणी लागलं होतं. वांगी, कोथिंबीर लावली होती. आपला आणि शेजाऱ्यांचा माल बीडच्या मार्केटला न्यायचा आणि यंदा तोडीला जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. महादेवला ट्रॅक्टर चालवता यायचा. कितीतरी चकरा मारून, चौकशा करून त्यानं सगळ्यात कमी डिझेल खाणारी गाडी पसंत केली. कांताबाई प्रत्येक वेळी सोबत यायची. तोंडातून शब्द नाही.

टेस्ट ड्राइव्हला महादेव स्टिअरिंगवर बसला, मी पलीकडच्या दाराशी. कांताबाई मागं गेली, टायरवर पाय दिला आणि क्षणात हौद्यात चढून केबिनला पाठ लावून बसली.

"आगं, पुढं ये की!" महादेव म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. मला हितली सवय हाय."

"मागं माल बसतो, कांता. तू पुढं ये."

ती उतरली. पदरानं सीट पुसली आणि आम्हा दोघांच्या मधे अगदी पुढच्या कडेला टेकली. बीड रोडला लागल्यावर दोन्ही हातांनी तिनं समोरचा डॅशबोर्ड धरला. महादेव ॲव्हरेजसाठी सावकाश चालवत होता. समोरून ट्रक आले, सायकलवाले आले, दोन्ही बाजूंची झाडं जवळ येत गेली.

"काय, घ्यायची का?" महादेवनं विचारलं.

तिचं लक्षच नव्हतं. काचेतून पुढं बघत ती म्हणाली, "आवो, रस्ता असा समोरून येतो व्हय! मला तर आजवर मागं जातानाच दिसला."