तेवीस रकाने आणि बाबांची गाडी

गाडी विकत घ्यायला एक दिवस पुरतो. ठरवायला आम्हाला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत घरात इतके किस्से साठले की आम्ही बघितलेल्या एकाही गाडीच्या डिकीत ते मावले नसते. हल्ली कोणी पाहुणा "कोणती गाडी घेऊ?" असं विचारायला लागला की आई माझ्याकडे बोट दाखवते. "हिला विचारू नका. उत्तर मिळेल, पण चहा गार होईल!"

आमचं घर मुलुंड पूर्वेला. बाबा एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, अंधेरीच्या एका कंपनीत, एकाच साहेबांकडे. साहेबांनी सहा गाड्या बदलल्या, ड्रायव्हर एकदाही नाही. गेल्या वर्षी बाबा रिटायर झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी घ्यायचं ठरलं. मधल्या आकाराची एसयूव्ही. गणपतीला थेट कणकवलीपर्यंत जाईल अशी. बजेट ठरलं. कोण कुठे बसणार तेही ठरलं. बाबा स्टिअरिंगवर, हे तर कोणी बोलूनही दाखवलं नाही.

एकच गोष्ट कळेना. बाबांना स्वतःला कोणती गाडी हवी?

"तुम्ही बघा गो. माका काय, चार चाकां असली म्हणजे झाला," एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मी हट्टाला पेटले होते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या पसंतीच्या गाड्या चालवल्या, त्याची पहिली गाडी तरी त्याच्या मनासारखी यायला हवी की नको?

* * *

खरं तर मी गाडी घेण्याच्याच विरुद्ध होते. चार वर्षं स्वीडनमध्ये रस्त्यांची सुरक्षितता हा विषय शिकून नुकतीच परत आले होते आणि इथल्या रस्त्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले होते. पहिल्याच रविवारी जेवताना मी अर्धा तास बोलले. शहर माणसांचं असतं, गाड्यांचं नाही. बस चांगली असली की गाडी लागतच नाही. प्रत्येकाने गाडी घेतली तर चालायचं कुठे? बोलता बोलता माझी आमटी गार झाली.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. एकदम बरोबर. असं कर, यंदा गणपतीला तू एसटीने ये. आम्ही गाडीने पुढे जाऊन तुझं जेवण तयार ठेवतो."

मी हरले. पण पूर्ण नाही. घ्यायचीच तर निदान सुरक्षित घेऊ, म्हणून मी तक्ता केला. नऊ गाड्या, तेवीस रकाने. एअरबॅग किती, धडकेच्या चाचणीत स्टार किती, ब्रेक कसे, किंमत किती, आणि त्या किमतीत नेमकं काय मिळतं. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. आईने दिले, धाकट्या भावाने, तन्मयने, दिले. बाबांचा कागद सगळ्यात आधी परत आला.

नऊच्या नऊ गाड्यांना दहापैकी दहा!

"बाबा, अहो, असं कसं?"

"बिचाऱ्या इतक्या लांबून आल्यात कारखान्यातून," बाबा म्हणाले. "कोणाक नापास कशाक करूचा?"

* * *

तन्मयला सनरूफ हवं होतं. बाकी गाडी नसती तरी चाललं असतं त्याला, नुसतं सनरूफ द्या! घाटकोपरच्या शोरूममध्ये सेल्समनने बटण दाबलं, छप्पर सर्रकन सरकलं आणि तन्मयचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, जाऊ दे, घेऊन टाकू.

आई खाली वाकून त्या भोकातून वर बघत होती. "किती जास्त पडतात याचे?"

सेल्समनने आकडा सांगितला.

आई म्हणाली, "अरे, आमची जुनी बिल्डिंग वरून गळायची. म्हणून ती पाडून नवी बांधली. त्यात तीन वर्षं भाड्याने राहिलो. आणि आता मी पैसे देऊन डोक्यावर भोक पाडून घेऊ?"

सेल्समनने छप्पर मुकाट्याने बंद केलं.

* * *

त्याच सेल्समनचा आवडता शब्द होता 'फक्त'. बेस मॉडेलमध्ये मागचा कॅमेरा नाही, पण फक्त साठ हजार वाढवले की येतो. तेवढे वाढवलेच आहेत, तर फक्त ऐंशी हजारांत मोठी चाकं. इथवर आलाच आहात, तर फक्त एक लाखात सीटमधून गार हवा. प्रत्येक 'फक्त'ला तन्मय मान हलवत होता. मीही, खोटं कशाला बोलू, सहा एअरबॅगच्या पायरीपर्यंत हलवली.

आईने बोटांवर हिशेब केला आणि हात जोडले. "दादा, थांबा. असंच फक्त फक्त करत गेलो तर शोरूमबाहेर पडेपर्यंत विमान घेतलेलं असेल आम्ही!"

या सगळ्या गोंधळात बाबा कुठे होते? मागच्या डाव्या सीटवर. प्रत्येक शोरूममध्ये ते तेच करायचे. बॉनेट उघडून बघणं नाही, स्टिअरिंगला हात लावणं नाही. मागे डावीकडे जाऊन बसायचे, मधला आर्मरेस्ट खाली ओढायचे, त्यावर कोपर टेकवायचं आणि डोक्यावरचा छोटा दिवा लावून बघायचे. लावायचे, विझवायचे. लावायचे, विझवायचे.

सेल्समनने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, सरांना इंटरेस्ट नाही का?"

"दमलेत," मी म्हटलं. मला तेव्हा तसंच वाटलं होतं.

* * *

आईचा स्वतःचा असा एकच निकष होता आणि तो माझ्या तेवीस रकान्यांत नव्हता. गावाला गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, मूर्ती आमच्याच पाटावर बसवून घरी आणतात. इतकी वर्षं काका ती डोक्यावरून आणत, आता त्यांची मान धरते. म्हणजे मूर्ती गाडीतून येणार. म्हणजे मागच्या सीटवर मधोमध पाट सपाट बसला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना धरायला माणूस मावला पाहिजे.

म्हणून आई प्रत्येक शोरूममध्ये जुन्या साडीत गुंडाळलेला पाट घेऊन यायची. बोरिवलीच्या शोरूममध्ये एक नवीनच लागलेली मुलगी होती. तिने डिकीची जागा लिटरमध्ये सांगायला सुरुवात केली. आईने तोवर पाट सीटवर ठेवून मला डावीकडून आणि तन्मयला उजवीकडून आत कोंबलं होतं.

"मध्ये कोण बसणार आहे, काकू?"

"गणपती."

मुलगी क्षणभरही अडखळली नाही. "मग ही गाडी बेस्ट आहे! मधल्या सीटलासुद्धा खांद्यावरून येणारा बेल्ट आहे."

मला तर तिला मिठी मारावीशी वाटली. मधल्या सीटचा बेल्ट हा माझा चौदावा रकाना! "बघ आई, गणपतीलाही बेल्ट!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं स्वीडनहून परत आल्यापासून ती अधूनमधून पाहते. "तो विघ्नहर्ता आहे गं. त्याने आपल्याला सांभाळायचं की आपण त्याला बांधायचं?"

* * *

डिमेलोकाका म्हणजे बाबांचे कंपनीतले जोडीदार. मरोळच्या गावठाणात राहतात, त्याच कंपनीत दुसऱ्या साहेबांची गाडी चालवायचे. एका टेस्ट ड्राइव्हला ते हौसेने आले. गाडी मी चालवत होते, शेजारी शोरूमचा माणूस, मागे बाबा आणि डिमेलोकाका. या गाडीत ते नवं तंत्र होतं. पुढे कोणी आडवं आलं की ती स्वतः ब्रेक लावते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की ओरडते. माझा जीव या फीचरवर जडला होता. जगात याने माणसं वाचतात, हे मी सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितलं.

साकीनाक्याला पोचलो. डावीकडून रिक्षा, उजवीकडून टेम्पो, समोरून पाइप घेतलेली हातगाडी. गाडी ओरडायला लागली. रिक्षा जवळ आली, ओरडली. पट्टा दिसेना, ओरडली. एक माणूस फोनवर बोलत आरामात आडवा गेला, तेव्हा तिने असा ब्रेक मारला की शोरूमच्या माणसाचं पॅड डॅशबोर्डवर आपटलं.

"अरे देवा!" डिमेलोकाका म्हणाले. "हिला झालंय काय?"

"काही नाही रे," बाबा मागून म्हणाले. "नवीन आलीय. परदेशात शिकलीय, पट्टे शोधतेय. होईल सवय. आमची स्नेहल नाही का?"

नाक्यावर पंचवीस मिनिटं अडकलो. डिमेलोकाकांना हसू फुटलं. "परब, तुझा साहेब आठवतो का रे? एकतीस वर्षं रोज संध्याकाळी तेच एक वाक्य!"

"कुठलं?" मी विचारलं.

"अगो बाय, हा परब म्हणजे अंधेरी-मुलुंडचा चालता नकाशा. कुठल्या गल्लीत कधी पाणी भरतं, तेसुद्धा याला पाठ. आणि तो साहेब, ज्याने जन्मात स्टिअरिंग धरलं नाही, तो मागे बसायचा, बेल्ट न लावता, पेपर उघडायचा, दिवा लावायचा आणि सांगायचा, 'परब, साकीनाक्यावरून नको.' रोज! जसा काही हा विसरणार होता!"

"मग तुम्ही काय म्हणायचात, बाबा?"

"काय म्हणतलंय?" बाबा म्हणाले. "'हो साहेब.'"

* * *

गाडी जवळजवळ ठरत आली आणि सोसायटीचे सेक्रेटरी गालाकाका जिन्यात भेटले. "एसयूव्ही घेताय? वा! पण ठेवणार कुठे?"

आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये गाड्या एकावर एक ठेवायचं लोखंडी पार्किंग आहे. आमच्या वाट्याला वरचा कप्पा. मी धावत खाली गेले, टेप लावली. कप्प्याची उंची एक मीटर पंचावन्न. घरी येऊन तक्ता उघडला. नऊ गाड्या, तेवीस रकाने, आणि उंचीचा रकानाच नाही! स्वीडनमध्ये गाड्या जमिनीवर ठेवतात, हो.

"पंचावन्न म्हणजे किती?" आईने विचारलं.

"तुझ्याएवढी," तन्मय म्हणाला.

मग पुढचा आठवडा आई प्रत्येक शोरूममध्ये गाडीच्या बाजूला जाऊन ताठ उभी राहायची. टपावरून पलीकडचं दिसलं तर गाडी मावणार. एकाही गाडीवरून तिला पलीकडचं दिसलं नाही. टाचा उंचावूनही नाही.

शेवटी गालाकाकांनीच मार्ग काढला. त्यांची गाडी बुटकी, पण कप्पा खालचा, उंच. अदलाबदल करायला ते तयार झाले. अट एकच.

त्या संध्याकाळी मी तक्त्यात चोविसावा रकाना वाढवला: हापूस, दरवर्षी एक पेटी, कणकवलीची.

* * *

निर्णयाच्या दिवशी आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो. तीन गाड्या उरल्या होत्या. माझ्या तक्त्यात पहिली आलेली सगळ्यात सुरक्षित होती, पण बजेटच्या बाहेर. दुसरीला सनरूफ होतं, एअरबॅग दोन कमी. तिसरी बोरिवलीची, मधलं मॉडेल. सहा एअरबॅग, पाट सपाट, भोक नाही. तन्मय आणि मी तासभर भांडलो. शेवटी मी बाबांसमोर हातच टेकले. "बाबा, आज 'तुम्ही बघा' चालणार नाही. तुमची गाडी आहे. बोला!"

बाबांनी बराच वेळ तक्त्याकडे पाहिलं. तेवीस रकाने, वर हापूस. मग तिसऱ्या गाडीवर बोट ठेवलं.

"ही."

"का पण?"

"हिचो मागचो दिवो बरो असा."

* * *

डिलिव्हरी अंधेरीच्या शाखेतून मिळाली. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. आईने नारळ फोडला, तन्मयने व्हिडिओ काढला, डिमेलोकाकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते रिक्षाने घरी गेले. शोरूमच्या मॅनेजरने मोठी पुठ्ठ्याची किल्ली देऊन बाबांचा फोटो काढला आणि मग खरी किल्ली त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती एकदा तळहातावर तोलून बघितली आणि माझ्या हातात ठेवली.

"मी? बाबा, पहिल्यांदा तुम्ही चालवा ना!"

आज बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. काखेत सकाळपासून घडी न मोडलेला पेपर होता. ते गाडीला वळसा घालून मागच्या डाव्या दाराशी गेले आणि उभे राहिले. हात मागे बांधलेले. दाराला हात लावेनात.

आम्ही वाट बघतोय. मॅनेजर वाट बघतोय. मागे दुसऱ्या कोणाची तरी गाडी हार घालून ताटकळलीय.

आईने मला कोपराने ढोसलं. "अगं, बघतेस काय? उघड ना दार!"

मी धावत गेले, दार उघडलं. बाबा आत बसले. मी दार हळूच लावून घेतलं. आई पलीकडून बसली, तन्मय पुढे. मी स्टिअरिंगवर बसले, आरसा लावला.

"बाबा, मागेसुद्धा बेल्ट."

त्यांनी बेल्ट लावला. आर्मरेस्ट खाली ओढला. खिशातून चष्मा काढला, पेपर उघडला आणि लख्ख दुपारी डोक्यावरचा दिवा लावला.

मी गाडी गेटबाहेर काढली. मागून पान उलटल्याचा आवाज आला.

"स्नेहल," बाबा म्हणाले, "साकीनाक्यावरून नको."