काळूरामने खाल्लेल्या मात्रा

पोयनाडपासून पेणपर्यंत कुणालाही विचारा, काळूराम घरत म्हणजे दोन ट्रकांचा मालक, दणदणीत आवाजाचा, आणि धंद्यात कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस. हाच माणूस दर दुसऱ्या रविवारी पहाटे उठून दाढी करतो, इस्त्रीचा लेंगा-झब्बा चढवतो, तबला-डग्गा गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवतो, आगरदांड्याला फेरीबोट पकडून दिघीला उतरतो आणि श्रीवर्धनला जाऊन एका म्हाताऱ्याची बोलणी खातो. त्याची बायको जनी म्हणते, "मी येक शब्द बोललं तं घर डोक्यावर घेतं, न तिकरं सर वाटेल ते बोलतान तं गप ऐकून येतं." काळूराम पट्टा नीट बसलाय का ते पुन्हा एकदा बघतो आणि गाडी सुरू करतो.

हा म्हातारा म्हणजे देवव्रत बर्वे, हायस्कुलातले गणिताचे सर. पोयनाडला नोकरीत असताना एका गणपतीत त्यांनी काळूरामला भजनात पखवाज बडवताना ऐकलं. बडवताना हा शब्द सरांचा. भजन संपल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "हात चांगला आहे. मोजणी भिकार आहे. उद्यापासून घरी ये." मिठागरात राबणाऱ्या बापाचा, दहावीला गणितातच गचकलेला एकवीस वर्षांचा पोरगा. पण तो गेला. सर स्वतः व्हायोलिन वाजवायचे. तबल्याची बोटं त्याला अलिबागच्या एका उस्तादांनी दिली, पण लय दिली ती सरांनी. मात्रा अर्ध्या केसाने पुढे सरकली तरी सरांचा व्हायोलिनवरचा गज थांबायचा. "काळूराम, कुठे आग लागली आहे का?"

याला आता एकतीस वर्षं झाली. सर निवृत्त होऊन श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत राहायला गेले, म्हणून काळूरामची खाडी ओलांडण्याची वारी ठरली. बैठकीला माणसं तीनच. व्हायोलिनवर सर, तबल्यावर काळूराम, आणि मागे तंबोरा घेऊन सरांच्या पत्नी अंबिकाकाकू. या तिघांना नाव नाही, पाटी नाही. कधी देवळाचा उत्सव, कधी मुरुडच्या वाचनालयाचा वर्धापनदिन, आणि एरवी घरच्या ओटीवर स्वतःसाठी.

आता ज्याला यातलं काही कळत नाही त्याच्यासाठी एवढंच सांगतो. तीनतालाचं चक्र सोळा मात्रांचं. पहिल्या मात्रेला सम म्हणतात. वाजवणारा वाटेल तितका हिंडून येवो, समेवर मात्र त्याने तबल्याच्या बरोब्बर सोबत पाय टेकायचा. तिथे दोघं भेटले की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. नाही भेटले तर सगळा मुलूख हिंडून माणूस शेजाऱ्याच्या घरात शिरल्यासारखं होतं.

गेल्या गणपतीत उत्सवाच्या बैठकीला सर असेच शेजारच्या घरात शिरले. दोन मात्रा आधीच. काळूरामला ते चार मात्रा अगोदरच दिसलं, कारण सरांचा गज कुठे वळणार हे त्याला स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगइतकं ठाऊक होतं. त्याने विचारबिचार काही केला नाही. हातांनीच बोलांचा एक छोटा तुकडा टाकला, दोन मात्रा गिळल्या, आणि सर जिथे उतरले तिथेच सम आणून ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि हसले. असं ते एकतीस वर्षांत पाच-सहा वेळाच हसले असतील. काळूरामला भीती वाटली, आणि त्याच क्षणी छाती फुगली, हेही खोटं कशाला सांगा.

मग ते अंगवळणीच पडलं. प्रत्येक बैठकीत एकदा, मग दोनदा, मुरुडला तर एकच गत वाजवताना चार वेळा. कधी दोन मात्रा खा, कधी एक जास्तीची घाल. तबलजीने मात्रा खाणं म्हणजे वाण्याने तराजूला बोट लावण्यासारखं, पण इथे फसवणूक करणाराच जीव मुठीत घेऊन बसलेला असायचा. काळूरामला वाटायचं, मोठ्या माणसाचं वय झालंय, एवढं आपण सांभाळलं तर काय बिघडलं?

बिघडत होतं ते घरात. विहिरीचा पंप सुरू करून सर बंद करायला विसरायचे. चावी तांदळाच्या डब्यात सापडायची. सुपारी घ्यायला येणाऱ्या धर्माला, जो वीस वर्षं येतोय, त्यांनी "आपण कोण?" असं विचारलं. काकू म्हणाल्या, एकदा डॉक्टरांना दाखवू. सर भडकले. "ज्याचं डोकं फिरलंय तो सोळा मात्रा मोजून समेवर येईल का? विचार काळूरामला! ए काळूराम, मी चुकतो का रे?"

काळूराम डग्ग्याला टाल्कम पावडर चोळत होता. त्याने वर न बघताच सांगितलं, "न्हाय सर. तुमी बराबर समेवर येताव."

काकूंनी पुन्हा डॉक्टरांचं नाव काढलं नाही.

माघातल्या एका रविवारी काळूराम फेरीबोटीतून दिघीला उतरला, तर धक्क्यावरच्या चहाच्या टपरीपाशी सर बसलेले. शेजारी स्कूटर, मांडीवर कापडी पिशवी. त्याला आनंदच झाला.

"सर, तुमी हिथं?"

"तुलाच घ्यायला आलो," सर ऐटीत म्हणाले. पण त्यांचे डोळे काळूरामवर नव्हते, पाटीवरचं गावाचं नाव वाचत होते. पायात घरातल्या चपला होत्या. काळूरामने पिशवी हातात घेतली. आत दुधाची पिशवी, उन्हाने फुगलेली. सकाळी कोपऱ्यावर दूध आणायला म्हणून निघालेला माणूस तीसेक किलोमीटर लांब खाडीच्या काठावर येऊन बसला होता. टपरीवाला हळूच म्हणाला, "दोन तास झालं. घर कुठल्या रस्त्यानं, ते इचारत होतं."

काळूरामने स्कूटर टपरीवाल्याकडे ठेवली आणि सरांना गाडीत बसवलं. वाटेत सर भीमपलास रागाबद्दल इतकं सुरेख बोलले, की काळूरामला रस्ता नीट दिसेना, डोळे सारखे पुसावे लागले.

घरी काकूंनी सरांना जेवू घालून आडवं केलं आणि काळूरामला मागच्या पडवीत बोलावलं. सुपाऱ्या वाळत पडल्या होत्या. त्यांच्या मधोमध काकू बसल्या.

"मात्रा खातोस ना तू?"

काळूराम पडवीच्या पायरीवर टेकला.

"चाळीस वर्षं तंबोरा छेडतेय मी, झोपा नाही काढत. गणपतीपासून खातोयस."

"मंग तुमी का बोललाव न्हाय, काकू?"

काकूंनी एक सुपारी उचलली, उगाच फिरवली. "मलाही बरं वाटत होतं रे. यांचं सगळं सुटलं तरी सम सुटली नाही, असं मलाही म्हणता येत होतं." मग सुपारी टाकून त्या म्हणाल्या, "आज खाऊ नकोस."

"माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

"आज दिघीला बसलेले सापडले. उद्या कुठे सापडतील? तू एकटाच आहेस, ज्याचा हिशेब ते मानतील. माझं ऐकत नाहीत, पियूषचं फोनवर ऐकत नाहीत." पियूष म्हणजे त्यांचा पुण्याचा मुलगा. "लोकांसमोर नाही सांगत मी. इथे, आपण तिघंच असताना."

दुपारी ओटीवर सतरंजी अंथरली. काकूंनी तंबोरा लावला. सरांनी भीमपलास सुरू केला, आणि काय सांगावं, असा सुरू केला की बोटांना म्हातारपण शिवलेलंच नाही. काळूराम ठेका देत होता, मनात देवाला म्हणत होता, आज येऊ दे त्यांना आपल्या आपण. तालाची दोन आवर्तनं सर बरोबर समेवर आले. चार आवर्तनं झाली, तरी येत होते. पाचव्याला सरांनी लांबलचक तान घेतली, गज वळला, आणि काळूरामला कळलं.

हात तुकड्याकडे धावलेच. त्याने ते धरून ठेवले. ट्रकचा ब्रेक निकामी झाल्यावर घाटात केला नसेल एवढा जोर त्या दहा बोटांवर केला.

सर झोकात उतरले आणि थांबले. तबला पंधराव्या मात्रेवर होता. मग सोळावी वाजली. मग सम आली, एकटीच.

"चुकलास!" सर ओरडले. "एकतीस वर्षं झाली, गाढवा, अजून सोळा मोजता येत नाहीत?"

काळूराम एरवी "व्हय सर" म्हणाला असता. "न्हाय सर," तो म्हणाला. "मी बराबर हाय."

तंबोरा चालूच होता. सरांनी व्हायोलिन मांडीवर घेतलं, अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि ती तान मनात पुन्हा गायली. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा अंगठा चौदाव्या मात्रेवर अडला आणि तिथेच राहिला.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"मुरुडला?"

"तवा चारदा."

"मी येत होतो समेवर," सर म्हणाले. आवाजात आता ओरडणं नव्हतं.

"मी आणीत होतो, सर. माफ करा मना." आणि बावन्न वर्षांचा, दोन ट्रकांचा मालक डग्ग्यावर डोकं ठेवून रडला. सरांनी त्याला ना थोपटलं, ना ते रागावले. मग काकूंना म्हणाले, "त्या डॉक्टरांची वेळ घे." आणि खुंटीवरची स्कूटरची चावी काढून त्यांनी आपल्या हाताने काकूंपुढे ठेवली.

डॉक्टरांना दाखवून झालं, मुंबईच्या तपासण्या झाल्या. आजाराला नाव मिळालं, गोळ्या सुरू झाल्या. बरं होणार नाही, पण घसरण हळू करता येईल, लवकर आलात हे चांगलं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी ते काळूरामला फोनवर दोनदा सांगितलं. काळूरामनेही ते जनीला दोनदा सांगितलं, म्हणजे आपलं काही चुकलं नाही, हे स्वतःला पटावं.

चैत्रात तिघं पुन्हा बसले. सरांनी आधीच बजावलं, "आता धरायचं नाही मला. पडलो तर पडू दे." काळूरामने धरलं नाही. सर पहिल्यांदा चुकले, थांबले, पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा समेच्या पार पुढे गेले आणि स्वतःशीच हसले. समोरचा माणूस ठेच खातोय आणि आपण हात मागे बांधून उभे, एवढी कठीण साथ काळूरामने जन्मात केली नव्हती.

चौथ्या वेळी सरांनी अगदी छोटी, साधी जागा घेतली. एकेक स्वर चाचपत आले. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, आणि गज आणि तबला एकाच क्षणी टेकले. "वा सर!" काळूराम जोरात ओरडला. काकूंचे डोळे भरले.

सरांनी व्हायोलिन खाली घेतलं आणि काळूरामच्या हातांकडे बघितलं.

"तू आणलीस?"

"न्हाय सर! तुमीच आलाव. आईशपथ!"

सरांनी काकूंकडे बघितलं. "तुमचीच होती," काकू म्हणाल्या. "मी मोजत होते."

एकतीस वर्षं ज्या माणसाने काळूरामच्या एकेका मात्रेवर शंका घेतली आणि स्वतःच्या एकाही मात्रेवर कधी घेतली नाही, तो आता या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. सहा महिने खोट्या समा हातावर ठेवल्यावर ही एक खरी कशी पटवून द्यायची, हे काळूरामला कळेना. त्याने पोरांची शपथ घेतली, तबल्यावर हात ठेवून घेतली. सरांनी त्याला मध्येच थांबवलं, अगदी मायेने.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतोस, तर आलो असेन."