खांब उतरणार नाही

फौजेने मला बऱ्याच ठिकाणी पाठवलं. लोणावळ्यातलं तुंगार्ली ही शेवटची पोस्टिंग, तिची ऑर्डर मीच काढली. सिग्नल्समधून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो, इथे घर घेतलं आणि गच्चीवर अँटेनाचा खांब उभा केला.

खांबाचं काम साधं आहे. हॅम रेडिओवाले, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेले हौशी लोक, गाडीत सेट ठेवतात. सेट दर दोन मिनिटांनी आपली जागा हवेत सोडतो. माझा खांब ती ऐकतो, कॉम्प्युटर ती इंटरनेटवर चढवतो आणि नकाशावर ठिपका उमटतो. आम्ही याला गेटवे म्हणतो. सोसायटीचे सेक्रेटरी याला सांगाडा म्हणतात. शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांना तलाव नीट दिसत नाही म्हणे. वर्षभर सेक्रेटरी मला समजावत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी एका दुपारी ते दोन वेल्डर घेऊनच आले. पाऊस लागून राहिला होता, पवनेकडचे मोबाइल टॉवर सकाळपासून बंद. पडद्यावर एकच ठिपका चालत होता. पवनानगरजवळच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कांबळे मॅडम लोणावळ्याहून घरी निघाल्या होत्या. मी सांगितलं, मॅडम घरी पोचेपर्यंत खांबाला हात लावायचा नाही. सेक्रेटरी म्हणाले, तासाभराचं तर काम आहे, थांबलो तर माणसांचा दिवस फुकट जाईल. मी खांबाच्या बुडाशी, पत्र्याखाली, खुर्ची टाकली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. म्हटलं, आधी मला उचला.

दुधिवरे खिंडीपुढच्या वळणावर ठिपका थांबला. पुढचा रिपोर्ट तिथलाच. त्याच्या पुढचाही. सेटवर हाक मारली, उत्तर नाही. मग दत्ताला गाठलं. दत्ता त्या रस्त्यावर वडापची जीप चालवतो. माझ्या कटकटीला कंटाळून त्याने परवाना काढलेला. तो खिंडीच्या अलीकडेच होता. थोड्या वेळाने सेट खरखरला.

"सुभेदार सायेब, हितं कोन न्हाई. रस्ता मोकळाय. ओव्हर."

"डाव्या अंगाला खाली बघ. ओव्हर."

"खाली निसती झाडी हाय."

"ठिपका झाडीतच आहे. उतर."

गच्चीवर वेल्डरांनी पाने खाली ठेवले.

"गावली. गाडी उलटलीय. मॅडमचा पाय अडाकलाय, पर बोलत्यात. मानसं धाडा. ओव्हर."

लोणावळ्यातल्या बचाव पथकाला फोन केला, पोरं लगेच निघाली. अंधार पडायच्या आत मॅडम दवाखान्यात होत्या.

वेल्डर गेले, सेक्रेटरी थांबले. आवाज उतरला होता. गाडी तर नंतर घसरली, मग तुम्ही आधीपासूनच का अडून बसलात, असं त्यांनी विचारलं. मी हे सहसा कुणाला सांगत नाही. त्यांना सांगितलं.

बर्फातली पोस्ट होती. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, बाहेर असताना पोझिशनचा कोड बदलला. हवामान बिघडलं, चौघं अडकले. ऑपरेटर नायक शेळके, माझ्याच सेक्शनचा. जागा सांगायला त्याच्याकडे जुनाच कोड, आणि तो शत्रूच्या हाती लागल्यामुळेच बदललेला. त्याने सेटवर मला विचारलं, "साहेब, क्लिअरमध्ये देऊ?" म्हणजे सरळ शब्दांत. वरून उत्तर आलं, नको. ते चूक नव्हतं. समोरचे ऐकत होते आणि त्यांच्या तोफा तयार होत्या. शेळके म्हणाला, "रॉजर." म्हणजे ऐकलं, समजलं. त्यानंतर त्याचा सेट बोलला नाही.

मला त्या 'रॉजर'चा आजही राग येतो. म्हणून माझ्या गच्चीवर जो कोणी आपली जागा सांगेल, ती मी साऱ्या जगाला ओरडून सांगणार. सोसायटीने खुशाल कोर्टात जावं.

शेळकेची जागा शत्रूला कळली नाही. आम्हालाही कळली नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळला तेव्हा तिघं सापडले. नायक शेळके अजून सापडायचा आहे.