हत्तीपासून ताईला लपवताना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी फिसकन हसलं, की मला पुढचं सांगवत नाही. कारण ही फजिती साधीसुधी नाही हो! मी माझ्या सख्ख्या बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत ब्लँकेटात गुंडाळून एका रानटी हत्तीपुढे नेऊन ठेवलं होतं. आणि तेही कशासाठी? तिचा जीव वाचवण्यासाठी!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आपल्याकडचे बरेच मास्तर झांबियात शिकवायला जात. मीही गेलो. नागपुरात सदरच्या एका शाळेत गणित शिकवणारा माणूस एकदम आफ्रिकेत! जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीनं फक्त बँड लावायचा बाकी ठेवला होता. तिथं गेल्यावर कळलं, की गणित सगळीकडे सारखंच असतं, इंग्रजी मात्र नसतं. वर्गात माझं भागायचं. त्रिकोण, चौकोन, बरोबर, चूक, एवढ्यावर दिवस निघायचा. वर्गाबाहेर मात्र समोरच्याचं निम्मं बोलणं मी ऐकायचो आणि उरलेलं निम्मं माझ्या मनानं बसवायचो.

हे मनानं बसवणंच अंगाशी आलं.

दिवाळी झाली आणि माझी मोठी बहीण आमच्याकडे आली. ताई नागपूरच्या दवाखान्यात नर्स. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. डॉक्टरसुद्धा तिच्यासमोर हळू बोलायचे. वॉर्डात तिला सगळे 'सिस्टर' म्हणत, बाजारात 'सिस्टर' म्हणत, अहो, शेजारीण उसनी साखर मागायला आली तरी "ओ सिस्टर" करूनच हाक मारायची.

आल्या आल्या तिनं एक भलीमोठी पिशवी माझ्या हातात कोंबली. चिवडा, कुरडया, लोणचं, आणि वर आपली संत्री.

"आईनं पाठवलं," ताई म्हणाली. "अन् मले हत्ती दाखव बरं. महाराजबागेत पिंजऱ्यातलं सगळं पाहून झालं माझं. एवढ्या दूर आली, आता मोकळा हत्ती पाहिल्याशिवाय मी काही परत जात नाही."

मी नुकतीच एक जुनी छोटी गाडी घेतली होती. तेव्हा बायको, म्हणजे कुमुद, शेजारी बसली, ताई मागे, तिच्या मांडीवर ती खाण्याची पिशवी, आणि आम्ही निघालो नॅशनल पार्कला.

पार्कच्या फाटकावर खाकी कपड्यातला एक उंचपुरा रक्षक होता. अगदी अदबशीर माणूस. खिडकीशी वाकला आणि त्यानं मला इंग्रजीत विचारलं, "एनी सिस्टर्स?"

म्हणजे, मी तरी असं ऐकलं.

मी चाटच पडलो. याला कसं कळलं? मग म्हटलं, आत कुणी आजारी असेल, नर्स हवी असेल. मी छाती फुगवून अंगठा मागं केला.

"येस! वन! फ्रॉम नागपूर!"

"एकच?" तो म्हणाला. त्याचं इंग्रजी मी मराठीत सांगतो, आणि मला समजलं तसंच सांगतो.

"एकच. माझी स्वतःची."

"मग इथं माझ्याजवळ ठेवून जा. संध्याकाळी परत न्या."

मी सीटवरून उडालोच! "ठेवून? ठेवून कशी जाऊ?"

"सगळेच ठेवतात," असं म्हणून त्यानं मागच्या बंद खोलीकडे बोट दाखवलं. "आत पुष्कळ आहेत."

मी खोलीकडे पाहिलं. एवढ्या उकाड्यात लोकांच्या बहिणी आत कोंडून ठेवल्या होत्या!

"पण का?" मी विचारलं.

"हत्तींमुळे, सर. त्यांना लांबून वास येतो. फार आवडते त्यांना. गाडी उलटी करतात तिच्यासाठी."

आता खरं सांगतो, तो 'हर' म्हणत नव्हता, 'इट' म्हणत होता. मला ते खटकलं. पण मी मनात म्हटलं, माझं इंग्रजी असं, तर याचंही थोडं तसंच असणार. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, ही शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही!

मी हात जोडले. "साहेब, आईनं पाठवलीय हो. नागपूरहून. मी जिवापाड सांभाळीन."

त्याला हसू आलं. "आईनं पाठवलीय? बरं, असू द्या मग, एकच आहे ना. पण नीट झाकून ठेवा. काचा बंद. आणि हत्ती दिसला तर थांबू नका."

मी गाडी पुढे घेतली आणि पहिल्या झाडाखाली थांबवली.

"काय म्हणे तो?" ताईनं विचारलं.

"ताई, तू घाबरू नको. हत्तीले नर्सचा वास आवडते म्हणे."

"काय?"

"म्हणजे बहिणीचा. नर्सचा का बहिणीचा ते नक्की नाही समजलं. पण तू दोन्ही आहे."

कुमुद म्हणाली, "अहो, हत्ती तर झाडपाला खातो ना?"

"इकडचे वेगळे असतील!" मी खेकसलो. गणिताचा मास्तर मी. पुरावा न मागता असलं काही मी आयुष्यात कबूल केलं नव्हतं. पण भीतीपुढे कसला पुरावा अन् कसलं काय!

मग ताईच्या केसांच्या तेलाला वास येत असेल म्हणून तिच्या डोक्याला टॉवेल बांधला. अंगावरच्या पावडरचा वास दाबायला गाडीतलं ब्लँकेट काढलं आणि तिला पिशवीसकट गुंडाळलं. नुसते डोळे उघडे, तेही टॉवेल घसरून अर्धे झाकलेले. बाहेर नागपूरच्या मे महिन्यासारखं ऊन आणि चारी काचा बंद!

पुढं झेब्रे दिसले. जिराफ दिसले. नदीत पाणघोडे डुंबत होते. कुमुद आनंदानं ओरडत होती आणि मागून ब्लँकेटातून आवाज यायचा, "कुठं वं? कुठं? मले काहीच नाही दिसून राहिलं!"

"ताई, बोलू नको. वास बाहेर जाते."

"अरे, मी मरून राहिली इथं! हत्तीनं खाल्लं तर निदान एकदाच मरीन!"

आणि तेवढ्यात एका वळणावर तो समोर आला.

आता हसू नका. त्या क्षणी मला हसू आलं नव्हतं. रस्त्याच्या कडेच्या झाडीतून आधी सुळे आले, मग कान. सुपाएवढे म्हणतात ना हत्तीचे कान? याचे तर खाटेएवढे! तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं सोंड वर केली. हवेत वळवली. आणि ती सोंड आमच्या गाडीकडे येऊन थांबली.

मी गाडी मागं घ्यायला गेलो. इंजिन घुर्रर्र झालं आणि बंद पडलं.

"लागला त्याले वास," मी म्हटलं.

तो एकेक पाऊल टाकत आला. एवढं मोठं धूड, पण पावलांचा आवाज नाही हो! आधी बॉनेट हुंगलं. मग टपावर सोंड टेकवली. टप कुरकुरला. माझी काच, कुमुदची काच, दोन्हींवर तो फुसफुसला आणि पुढे सरकला. बाजूनं जाताना त्याचा डोळा दिसला मला. पिवळसर, शांत. कुमुदनं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती.

आणि मग तो मागच्या खिडकीशी थांबला. बरोब्बर ताईच्या!

आणि ती काच, देवा रे, अर्धी उघडी! गुदमरून ताईनं गुपचूप खाली केली होती.

"ताई, हलू नको," मी पुटपुटलो.

सोंड आत आली. ओलं टोक टॉवेलवर फिरलं, गालावरून उतरलं, ब्लँकेटात शिरलं. ताईनं डोळे मिटले. जिच्या दरडावण्यानं अख्खा वॉर्ड गप्प बसायचा, ती माझी ताई लहान मुलीसारखी आईचं नाव घेत होती. लहानपणी मला ताप आला की हीच रात्र रात्र उशाशी बसायची. आणि मी तिला इथं आणून बसवलं होतं!

माझं डोकं फिरलं. मी मागं वळलो, दोन्ही हातांनी सोंड धरली, हो, हत्तीची सोंड! आणि ओरडलो, "सोड तिले! बहीण आहे ते माझी! मले ने! मले ने!"

सोंडेनं मला असं झटकलं, जसं आपण खांद्यावरचा मुंगळा झटकतो. ब्लँकेट ओढलं गेलं. फर्रकन काहीतरी फाटलं. मी डोळे गच्च मिटले.

मग शांतता.

मग मचमच आवाज.

"अरे," ताईचा आवाज आला. "अरे, डोळे उघड बरं."

उघडले. पिशवी फाटून अर्धी खिडकीबाहेर लोंबत होती. रस्त्यावर आईनं पाठवलेली संत्री घरंगळत होती, आणि तो हत्ती एकेक संत्रं अलगद उचलून सालासकट तोंडात टाकत होता. ताईकडे तो ढुंकूनही पाहत नव्हता.

कुमुदनं पायाशी घरंगळलेली दोन संत्री काच जराशी खाली करून लांब फेकली. तो तिकडे वळला. मी चावी फिरवली, इंजिन लागलं, आणि आम्ही जे सुटलो ते थेट फाटकावर!

त्या रक्षकानं गाडीचा दबलेला टप पाहिला, फाटकी पिशवी पाहिली, आणि आत वाकून वास घेतला.

"सर, तुम्ही तर 'एकच' म्हणाला होतात!"

"एकच आहे!" मी ताईकडे हात केला. "माय सिस्टर!"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग ताईकडे. त्यानं त्या खोलीचं दार उघडलं. आत संत्री, मोसंबी आणि लिंबांची पोती रचली होती. मग त्यानं फाटकाशेजारचा फळा दाखवला. सकाळी मी त्यालाच गाडी टेकवून उभी केली होती. फळ्यावर एक गोल गरगरीत संत्रं काढलेलं, त्यावर लाल फुली, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, सिट्रस आत नेण्यास मनाई. सिट्रस! म्हणजे संत्री, मोसंबी, लिंबू, सगळं खानदान. नागपूरच्या माणसाला नेमका हाच शब्द माहीत नसावा?

त्या रक्षकाच्या सगळा प्रकार लक्षात आला तेव्हा तो खाली बसून हसला. ताईनं मात्र त्याच्यासमोर मला एक शब्द सुनावला नाही. म्हटलं, सुटलो. ताई थकलेली दिसते.

कुठलं सुटणं! ती नागपूरला परतली, आणि सुट्टीत मी घरी आलो तोवर अख्ख्या गल्लीला झालेलं सांगून मोकळी. मी पोचलो त्या संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली होती. शेजारच्या काकूंनी ताईला विचारलं, "काय वं सिस्टर, तिकडचा हत्ती आपल्यापेक्षा मोठा असते का?"

"मोठा तर असतेच," ताई म्हणाली, "पण हुशार किती! त्याले बरोबर समजलं बापा, संत्रं कोणतं अन् बहीण कोणती." मग माझ्याकडे बोट केलं. "हे एवढं शिकलं, तरी याले नाही समजलं!"