दुसरं कडवं

इथे आखातात, अल अझीझिया वस्तीत, आमच्या खालच्या मजल्यावर वसईच्या एक बाई राहतात. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला आहेत. इथेच वाढलेल्या भाच्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, की कानामागे हात धरून म्हणतात, “ऐकू नाही आलं, बाळा.” वसईकडच्या सामवेदी बोलीतली लग्नाची गाणी त्या आईकडून शिकल्या आणि घरकाम करताना तीच गुणगुणत असतात.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या भाचीचं लग्न इथेच झालं. नाच रंगात आला असताना बाईंनी डीजेला सांगितलं, “यल्ला, चल, दोन मिनिटं बंद कर.” आणि एकट्याच गायला लागल्या. दुसऱ्या कडव्याला शब्दच आठवेनात. पोरं चुळबुळू लागली. मला बाईंकडे बघवेना.

बाई मात्र बसल्या नाहीत. “मी विसरले. कुणाला येतं का?”

नवरीची धाकटी बहीण उठली. एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी ती मुलगी अडखळत पुढचं कडवं म्हणू लागली. बाईंनी माईक तिच्या हातात दिला आणि तिच्यामागे गाऊ लागल्या.

जेवताना मी हळूच म्हटलं, “मुद्दामच थांबलात ना?”

“नाही हो, भाऊ,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “खरंच विसरले होते.”