कल्याणला सुटलेली गाडी

आज दारावर सुकट विकणारी आली आणि त्या वासाने मला कित्येक वर्षांमागच्या कल्याण स्टेशनात नेऊन उभं केलं.

तेव्हा मी नुकतीच नांदायला निघाले होते. भावाने पुण्याला गाडीत बसवून दिलं होतं, मुंबईला हे उतरवून घेणार होते. कल्याणला पाणी प्यायला उतरले आणि गाडी सुटली. माझं बोचकंही तिच्यातच गेलं.

फलाटावर मिठागरावरच्या बायका बसल्या होत्या. गुडघ्यापर्यंत खोचलेली लुगडी, पुढ्यात सुकटाच्या टोपल्या आणि मोठमोठ्याने हसणं. बोलणं मराठीच, पण मला निम्मं कळेना. मी पदर घट्ट ओढून लांब उभी राहिले.

तेवढ्यात एक पगडीवाले गृहस्थ जवळ आले. "चला वहिनी, तुमच्या यजमानांनीच पाठवलंय मला. बाहेर बैलांची दमणी उभी आहे."

आपल्याकडचं बोलणं ऐकून मला रडूच आलं. मी निघाले, तोच एका मिठागरवालीने माझं मनगट धरलं.

"सोडा मला!" मी ओरडले.

ती सोडेना. त्या गृहस्थांकडे बघत म्हणाली, "हिच्या घोवाचा नाव सांग, मंग ने."

नवऱ्याचं नाव विचारताच गृहस्थ इकडेतिकडे पाहून झपाझप निघून गेले.

पुढची गाडी येईपर्यंत तिने मला शेजारी बसवून घेतलं, मग बायकांच्या डब्यात चढवून दिलं. मुंबईला हे भेटले. त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं.

आता नवल वाटतं. त्या दुपारी मला भीती वाटली होती, ती तिची.