प्रार्थनेतलं दुसरं नाव
मिरीचा पापड निखाऱ्यावर भाजल्याचा वास आला, की मला अंबरनाथची आमची कारखान्याच्या चाळीतली खोली आठवते. फाळणीला चार-पाच वर्षं झाली होती, आणि उल्हासनगरच्या कॅम्पातून एक सिंधी बाई पापड विकायला यायची, आमच्या उंबऱ्यावर टेकून पाणी प्यायची. त्या दुपारी तिला खुंटीवरचा लहानसा झगा दिसला. घरात एवढं लहान कोणी नव्हतं. "माझी धाकटी. प्रभूकडे गेली," आई म्हणाली. "आपलं खरं घर तिकडेच. हे काय, दोन दिवसांचं बिऱ्हाड." आई नेहमी असंच बोलायची, आणि झगा मात्र कुणाला देऊ द्यायची नाही. बाईने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मेरा बेटा जहाज पर ही गुजर गया, बहन. दर्या में छोड़ना पड़ा. वो भी उधरही होगा क्या?" ख्रिस्तावर विश्वास ठेवणारेच तिकडे जाणार, बाकीचे नाही, हे आईने आमच्या ख्रिस्ती देवळात आयुष्यभर ऐकलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "नाव काय त्याचं?" संध्याकाळच्या प्रार्थनेत पुढे गेलेल्यांची नावं घेऊन प्रभूचे आभार मानायची आमच्या घरची रीत होती. त्या संध्याकाळी आईने बहिणीच्या नावापाठोपाठ ते सिंधी नाव घेतलं. वडिलांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले. आता आई-वडीलही तिकडे गेले, नावं मी घेते. तिकडची फार ओढ लागते, तेव्हा मला तिथल्या दारात आईजवळ दोन मुलं उभी दिसतात.